बागेत वाय-फाय हवंय ना? मग आधी खांब माग

अगं, आधी एक गोष्ट ऐक, म्हणजे तुझा निम्मा घोर मिटेल. बागेत वाय-फाय सुरू करायला महापालिकेकडे वाय-फायचा परवाना मागायचाच नसतो. तो पालिकेच्या हातात नाही. तो विषय दिल्लीचा, आणि दिल्लीनं तो बऱ्यापैकी मोकळा करून ठेवलाय. पालिकेकडून तुला हवा आहे तो दिव्याचा एक खांब, त्यावरून जराशी वीज, कुंपणातून आत येणारी एक केबल आणि एका अधिकाऱ्याची सही. एवढंच मागशील तर काम होण्यासारखं आहे. ‘स्मार्ट उद्यान’ वगैरे नाव देऊन रंगीत सादरीकरण घेऊन गेलीस, तर तेच काम धोरणात्मक निर्णय ठरतं, फाईल वर वर चढत जाते आणि वरच बसून राहते.

तू विचारलंस, सगळ्यांकडे मोबाइल असताना एवढा खटाटोप कशाला? संध्याकाळी बाकांवर जरा नजर टाक. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली दिसतील. घरी दोन खोल्यांत पाच माणसं, टीव्ही चालू, अभ्यासिकेची फी परवडत नाही, म्हणून त्या बागेत येऊन बसतात. दिवसाचा दीड जीबी दुपारीच संपलेला असतो, मग लेक्चर अर्ध्यावर सोडून मैत्रिणीच्या हॉटस्पॉटची वाट पाहायची. धुणीभांडी करणाऱ्या मावशींना दोन घरांच्या मधे टेकायला बागच असते. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी असो की रेशन कार्डाचं काम, त्यासाठी त्या कोणाच्या तरी फोनवर अवलंबून असतात. पालिका आपल्याच करातून बाक देते, पाणी देते, दिवा देते. त्यात इंटरनेटची भर पडली तर ज्याच्याकडे कमी आहे त्याला सगळ्यात जास्त उपयोग. माझ्या मते हे करायलाच हवं, आणि ते तुझ्यासारख्या बागेत रोज जाणाऱ्या मुलीनं करायला हवं.

आता दिल्लीचं काय ते नीट समजून घे, कारण टेबलापलीकडचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल, “मॅडम, याला टेलिकॉमची परवानगी आहे का?” उत्तर तोंडपाठ ठेव. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याला २००५ पासून आणि ५ गिगाहर्ट्झच्या मोठ्या भागाला २०१८ पासून, ठरवून दिलेल्या ताकदीच्या मर्यादेत, वेगळा परवाना लागत नाही. यंत्र मात्र मान्यता असलेलंच घ्यायचं. बिल आणि मान्यतेचा कागद फाईलला लावायचा. आणि लोकांना इंटरनेट पुरवण्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम-वाणी ही योजना मंजूर केली आहे. पूर्वी कोपऱ्यावरचा पीसीओवाला फोन चालवायचा, तसा आता पीडीओवाला वाय-फाय चालवतो, अशी तिची कल्पना. पीडीओ म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस. पीडीओ व्हायला दूरसंचार विभागाचा परवाना नको, त्यांच्याकडे नोंदणी नको, शुल्कही नको. चहाची टपरी, झेरॉक्सचं दुकान, वाचनालय, बचत गट, कोणीही होऊ शकतं. त्याच्या पाठीशी एक अ‍ॅग्रिगेटर असतो, त्याची मात्र विभागाकडे नोंदणी झालेली असते. लोकांची ओळख पटवणं, नोंदी सांभाळणं, हिशेब ठेवणं हे तो आणि अ‍ॅप देणारी कंपनी मिळून पाहतात. तुझ्या डोक्याला तो ताप नाही.

लाइनच्या पैशाचंही सांगते. आधी अडचण अशी होती की पीडीओ म्हटलं की कंपन्या घरगुती फायबरऐवजी महागडी लीज्ड लाइन घ्यायला लावायच्या, आणि छोटा माणूस तिथेच गार व्हायचा. जून २०२५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं आदेश काढला, २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबरचे प्लॅन पीडीओंना द्यायचे आणि घरगुती दराच्या दुपटीहून जास्त आकारायचे नाहीत. म्हणजे शेजारणीला महिना ७०० रुपयांत मिळणारी लाइन तुला १४०० च्या वर लावता येत नाही. कंपनीच्या माणसानं वेगळाच आकडा सांगितला तर हा आदेश त्याला दाखव.

एक मात्र करू नकोस, कोणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी. स्वतःच्या घरचं वाय-फाय पासवर्ड काढून बागेकडे मोकळं सोडायचं नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल कुठून गेला होता माहीत आहे? नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून. ज्याच्या नावावर कनेक्शन होतं त्याच्या दारात पोलीस आले. त्यानंतर २००९ च्या सुरुवातीला दूरसंचार विभागानं सूचना काढल्या की ओळख पटवल्याशिवाय कोणाला जोडू द्यायचं नाही. ओटीपी मागतात तो त्यासाठी. तो त्रास वाटतो खरा, पण त्या ओटीपीमुळे तुझी मान मोकळी राहते.

आता पालिका. इथे जरा सावकाश ऐक, कारण खरं काम इथेच आहे.

बाग उद्यान विभागाची, खांब आणि वीज विद्युत विभागाची, रस्ता खोदायचा झाला तर पथ विभागाची, जागेचा करार आला की मालमत्ता विभागाची, आणि पाटी लावलीस की आकाशचिन्ह विभागाची. शहरागणिक नावं थोडी बदलतात, तऱ्हा तीच. म्हणून अर्ज असा लिही की यातली निम्मी खाती लागणारच नाहीत. रस्ता खोदायचा नाही: केबल ज्या कंपनीची, तिचं जाळं बागेच्या दारापर्यंत आधीच आलेलं असेल अशीच कंपनी निवड. पाटीवर जाहिरात नाही, कोणाचं नावही नाही. बांधकाम तर नाहीच, साधी पत्र्याची पेटीसुद्धा जमिनीवर नको, सगळं खांबावर. मग उरतात दोन खाती, उद्यान आणि विद्युत. दोन खात्यांची संमती मिळवणं दोन माणसांना भेटण्याइतकं सोपं आहे. पाच खात्यांची म्हणजे वर्ष गेलं समज.

आणि त्या दोन माणसांना कशाची भीती वाटते ते आधीच ओळखून जा. त्यांना तुझं इंटरनेट नको असतं असं नाही. “उद्या कोणाला शॉक बसला तर? कोणी नको ते पाहिलं तर? हे लोक हळूहळू जागाच बळकावून बसले तर?” हे त्यांचे प्रश्न असतात, आणि ते रास्त आहेत गं. मुंबईत जानेवारी २०१६ मध्ये मैदानं आणि बागा दत्तक देण्याच्या धोरणावरून नागरिकांनी एवढा आवाज उठवला की मुख्यमंत्र्यांनीच त्याला स्थगिती दिली. सार्वजनिक जागा एकदा खासगी हातात गेली की परत मिळणं किती अवघड, हे लोकांनी पाहिलेलं होतं. तेव्हा अधिकारी संशयानं पाहतो म्हणून रागावू नकोस. त्याची एकेक भीती अर्जातच कागदावर घे आणि तिची जबाबदारी स्वतःकडे ओढ.

अर्ज वैयक्तिक नावानं देऊ नकोस. ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, वाचनालय, काहीतरी नोंदणीकृत हवं. त्यांच्या लेटरहेडवर, ठरावाची प्रत जोडून. विषय असा लिही: “अमुक उद्यानातील विद्यमान दिव्याच्या खांबावर नागरिकांसाठी विनामूल्य वाय-फाय यंत्र प्रायोगिक तत्त्वावर तीन महिन्यांसाठी बसविण्यास ना हरकत मिळणेबाबत.” ‘विद्यमान’, ‘विनामूल्य’ आणि ‘प्रायोगिक तत्त्वावर’ यातला एकही शब्द गाळू नकोस. तीन महिन्यांच्या प्रयोगाला अधिकारी आपल्या पातळीवर हो म्हणायला धजतो. ‘कायमस्वरूपी’ म्हटलंस की त्याला वर विचारावं लागतं.

आत मजकूर थोडक्यात ठेव. यंत्र कोणत्या खांबावर, तो खांब गेटपासून कुठे, याचा हातानं काढलेला नकाशा आणि खांबाचा फोटो. खांबाला बहुतेक ठिकाणी क्रमांक असतो, तो लिही. क्रमांक पाहिला की विद्युतच्या माणसाला कळतं की ही बाई जागेवर जाऊन आलेली आहे. मग लिही की यंत्राची मालकी संस्थेची, जागेवर कोणताही हक्क सांगणार नाही, पालिकेनं सांगितल्यापासून सात दिवसांत स्वखर्चानं काढून नेऊ, जाहिरात करणार नाही, पैसे घेणार नाही, वापरणाऱ्यांची ओळख पीएम-वाणीच्या पद्धतीनं पटवली जाईल. सुरक्षेसाठी अनामत भरायची तयारी आहे, हेही लिहून टाक. मागितली नाही तर उत्तमच.

विजेचा हिशेब तूच मांडून दे, त्यांच्यावर सोडू नकोस. खांबावरचं यंत्र आणि मोडेम मिळून साधारण २५ वॅट धर. चोवीस तास चाललं तरी दिवसाला ०.६ युनिट, महिन्याला १८ युनिट. बाग बंद झाल्यावर टायमरनं बंद केलंस तर त्याहून कमी. हा आकडा वाचला की “वीज कोण देणार?” हा प्रश्न एकदम लहान होतो. सांग, हवं तर संस्था वर्षाचे पैसे आगाऊ भरेल. मात्र आकडा टाकून वीज घ्यायचा सल्ला कोणी दिला, अगदी बागेच्या वॉचमननं दिला, तरी नाही म्हण. एका आकड्यावरून सगळं उधळलं जातं.

यंत्र कसं असावं हे मी इथे फार ताणत नाही, बसवणारा माणूस सांगेल. पण त्यानं काही विचारलंच नाही तर तू विचार: पावसात टिकणारं आयपी ६५ च्या वरचं आहे ना, अर्थिंग केलंय ना, वीज कोसळली तर सर्ज प्रोटेक्टर आहे ना. यंत्राला एकाच लॅन केबलमधून वीज आणि इंटरनेट दोन्ही देतात, ती केबल १०० मीटरच्या आत हवी. आणि झाडं! झाडावर यंत्र लावायचं नाही, केबल गुंडाळायची नाही, एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या झाडांच्या कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं हे तोडण्यातच मोजतात. शिवाय ओली पानं सिग्नल खातात. मे महिन्यात चाचणी घेतलीस आणि खूश झालीस, तर जुलैत त्याच बाकावर रेंज गेलेली असेल. चाचणी पावसात घे.

एक आडवाट आहे, तीही सांगून ठेवते. बागेला लागून एखादी सोसायटी असेल, वाचनालय असेल, तर यंत्र त्यांच्या गच्चीवर किंवा पहिल्या मजल्याच्या सज्ज्यावर बागेकडे तोंड करून बसव. तिथे खांब लागत नाही, पालिकेची वीज लागत नाही. सोसायटीच्या व्यवस्थापन समितीचा ठराव झाला की झालं. मोकळ्यात सिग्नल पन्नासेक मीटर तरी बरा जातो. छोट्या बागेला तेवढा पुरतो, मोठ्या बागेच्या निदान गेटजवळच्या बाकांना पुरतो. तरीही उद्यान विभागाला एक माहितीचं पत्र दे आणि पोच घे. लागत नसलं तरी दे. तुझ्या खांबाच्या अर्जावर विचार चालू असताना हे आधीच सुरू झालेलं असेल, तर अधिकाऱ्याला दाखवायला तुझ्याकडे चालतं-बोलतं उदाहरण असेल. मला विचारशील तर मी सुरुवात इथूनच करीन.

परवानगी मिळवण्याच्या धावपळीत एक प्रश्न सगळे विसरतात: दुसऱ्या वर्षी कोण चालवणार? मुंबईत जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारनं ‘आपले सरकार मुंबई वाय-फाय’ची ५०० ठिकाणं सुरू केली, त्या वर्षीच्या महाराष्ट्र दिनापर्यंत १२०० करायची घोषणा होती. पुण्यात २०१८ मध्ये गूगल स्टेशन आलं, दीडशेहून जास्त ठिकाणी, त्यात बागाही होत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये गूगलनं जाहीर केलं की स्टेशन बंद करतोय, डेटा स्वस्त झाला, आता गरज राहिली नाही. एवढी मोठी कंपनी, पण निर्णय तिच्या हातात होता, बागेत बसणाऱ्यांच्या हातात नव्हता. म्हणून प्रायोजक मिळाला तर घे, पण त्याच्या भरवशावर बाग सोडू नकोस. महिन्याचे हजार-दीड हजार रुपये आसपासच्या दहा दुकानांनी मिळून दिले तर ते जास्त टिकाऊ. पीएम-वाणीत पाच-दहा रुपयांची कुपनं विकायचीही सोय आहे. पण बागेत मी ती घेऊ देणार नाही. ज्या मुलींसाठी हे करतेस त्यांच्याकडून पाच रुपये घ्यायचे, हे मला पटत नाही.

न्यूयॉर्कचं उदाहरण लोक हमखास देतात, तेही नीट माहीत असू दे. तिथे २००२ मध्ये ब्रायंट पार्कमध्ये मोफत वाय-फाय सुरू झालं, ते एनवायसीवायरलेस नावाच्या हौशी नागरिकांच्या गटामुळे. ते जमलं, कारण ते उद्यान शहराचं असलं तरी त्याचा कारभार एका ना-नफा संस्थेकडे होता आणि हो-नाही तिथल्या तिथे ठरत होतं. बाकीच्या उद्यानांसाठी तिथल्या पालिकेनं रीतसर निविदा काढली, २००४ मध्ये एका छोट्या कंपनीला ठेका दिला, आणि पहिली ठिकाणं चालू व्हायला २००६ चा उन्हाळा उजाडला. पुढे २०११ मध्ये एका बड्या टेलिकॉम कंपनीनं २० उद्यानांत सेवा दिली तेव्हा कुठे पसारा वाढला. तेव्हा तुझ्या शहरातली अशी बाग शोध जिचा निर्णय घेणारा माणूस जवळ आहे. शहरातलं सगळ्यात नावाजलेलं उद्यान पहिल्यांदा घेऊ नकोस. सारसबागेवर किंवा शिवाजी पार्कवर दहा जणांचा डोळा असतो. गल्लीतली, नाना-नानी पार्क म्हणतात तसली छोटी बाग घे.

पुण्यात असशील तर आणखी एक दार आहे. तिथली महापालिका २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांकडून प्रभागातली छोटी कामं मागवते. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो. वेळेत भरलास आणि काम मंजूर झालं तर खर्चच पालिकेचा.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही. “ठेवून जा, साहेब आले की देतो” असं गोड बोलून कोणी सांगेल, तरी आवक-जावकच्या खिडकीवर उभी राहा. क्रमांकाशिवाय तो कागद दिला काय, नाही दिला काय, सारखंच. मग दर आठवड्याला एकदा जा, भांडायला नाही, “टिपणी कोणाच्या टेबलावर आहे?” एवढंच विचारायला. त्या टेबलावरच्या माणसाचं नाव लिहून ठेव. विद्युतच्या कनिष्ठ अभियंत्याला बागेत घेऊन ये, खांब दाखव, चहा पाज. त्याचा अनुकूल अभिप्राय आला की उद्यानवाल्यांचं मन निम्मं वळतं. महिना-दोन महिने काहीच हललं नाही तर माहिती अधिकारात अर्जाची सद्यस्थिती माग; दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांत उत्तर. पण तो पहिल्याच आठवड्यात टाकू नकोस. तो आला की माणसं सावध होतात, आणि तुला त्यांच्यासोबत पुढेही काम करायचं आहे.

आणि निवडणुकीची आचारसंहिता कधी लागणार ते बघून ठेव. ती लागली की नवीन सह्या थांबतात.

आता मनापासून सांगायची गोष्ट. जागा निवडताना मुलींचा विचार कर. सिग्नल जिथे असेल तिथे लोक बसतील. मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात चांगली रेंज आली तर रात्री साडेसातला तिथे कोण बसेल आणि कोणाला उठून जावं लागेल, हे तुला सांगायला नको. यंत्र गेटजवळ, दिव्याखाली, जिथे आजी-आजोबांचा कट्टा भरतो तिथे लाव. बाग बंद व्हायच्या वेळी वाय-फायही बंद. आणि कोणत्याही अ‍ॅपनं किंवा संस्थेनं नाव, पत्ता, जन्मतारीख, फोटो मागितला तर चालू द्यायचं नाही. मोबाइल नंबर आणि ओटीपी पुरे. विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालाय, कामापुरतीच माहिती घ्या असं तोही सांगतो. आपल्याच बागेतल्या मुलींचे नंबर एखाद्या क्लासवाल्याच्या यादीत गेले, तर पुढच्या वेळी तुझ्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये.

शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला या रविवारी भेट, खांबांचे फोटो त्याच फेरीत काढ. अर्जाचा मसुदा झाला की सही करण्याआधी मला पाठव. ‘विद्यमान’ राहिलाय का, ते मी बघते.